पान उलटायला लावणारी गुन्हेकादंबरी: घड्याळ, पंचनामा आणि क्रियापद

रात्री अकराला 'एवढं एकच प्रकरण' म्हणून हातात घेतलेलं पुस्तक पहाटे दोनला संपतं, त्याचं श्रेय गोळीबाराला फार कमी असतं. पाठलाग आणि मारामाऱ्यांची पन्नास पानं कंटाळवाणी होऊ शकतात. उलट पोलीस ठाण्यातल्या बाकावर बसलेल्या दोन माणसांचं हळू आवाजातलं बोलणं वाचक जागचा न हलता वाचतो. त्याला पुढे ओढणाऱ्या गोष्टी दोनच: उत्तर हवंच आहे असा एक प्रश्न आणि संपत आलेली एक मुदत. वेगवान गुन्हेकादंबरी लिहायची असेल तर कागदावर सर्वांत आधी या दोन गोष्टी उतरवा. हत्यार कोणतं, नायक सिगारेट ओढतो की नाही, हे नंतर.

पुढची सगळी कृती एकाच उदाहरणावर बघू. डोंबिवलीतली जुनी इमारत, तिसरा मजला, एकट्या राहणाऱ्या साठीच्या बाई. सकाळी साडेआठला शेजारी दार तोडतात.

प्रश्न असा मांडा की तो दिसेल

पहिल्या खर्ड्यात हा प्रसंग बहुधा असा येतो:

'सकाळी साडेआठच्या सुमारास सदर सदनिकेचे दार तोडण्यात आले असता आतमध्ये एका वृद्ध महिलेचा मृतदेह आढळून आला.'

ही बातमीची भाषा आहे. तिच्यात बघणारा कुणी नाही आणि विचारण्यासारखंही काही नाही. आता हे वाचा:

'दार तिसऱ्या धक्क्याला निघालं. ओट्यावर कुकर. गॅस बंद. उपनिरीक्षक मॅडमनी झाकण काढलं, वाफ आली. मोरीत दोन ताटं धुऊन पालथी घातलेली. आतल्या खोलीत बाई पलंगावर होत्या. हवालदाराने त्यांचा हात उचलायला बघितला. हात वाकेना.'

वाक्यं छोटी आहेत, पण वेग तेवढ्याने आलेला नाही. भात गरम आहे आणि शरीर ताठलेलं आहे, या दोन गोष्टी एकमेकींना खोटं पाडतात. मरणोत्तर ताठरता आपल्या हवेत साधारण दोन-तीन तासांत पापण्या आणि जबड्यापासून सुरू होते. पूर्ण शरीर ताठायला बाराएक तास लागतात. बंद कुकरातला भात तास-दोन तासच वाफाळता राहतो. म्हणजे बाई रात्रीच गेल्या आणि सकाळी कुणीतरी त्यांच्या घरात भात लावला. हा हिशेब पात्राच्या तोंडून लगेच वदवू नका. निम्म्या वाचकांना तो स्वतःच लागतो, उरलेल्यांना दोन पानांनी मॅडम सांगतील. स्वतः हिशेब लावलेला वाचक पुस्तक खाली ठेवत नाही.

इथे एक चूक फार होते. डॉक्टर शवविच्छेदन करून 'मृत्यू ९ वाजून ४७ मिनिटांनी' असं सांगून टाकतात. खरा डॉक्टर तासांची मर्यादा देतो, मिनिट सांगत नाही. ऊन, पंखा, शरीरयष्टी यांनी अंदाज मागेपुढे होतो. लेखकाच्या हे पथ्यावरच पडतं: त्या चार-पाच तासांच्या फटीत तीन संशयित मावतात.

मुदत कायद्यातून घ्या

बॉम्ब, खंडणीचा फोन, 'मध्यरात्रीपर्यंत पैसे आण' या मुदती वाचकाला पाठ आहेत. त्यापेक्षा आपल्या फौजदारी प्रक्रियेतली घड्याळं कितीतरी करकरीत आहेत, आणि ती खरी आहेत.

अटक केल्यापासून २४ तासांत, प्रवासाचा वेळ सोडून, आरोपीला दंडाधिकाऱ्यांसमोर उभं करावंच लागतं. शुक्रवारी संध्याकाळी सातला अटक दाखवली की शनिवारी सातच्या आत कोठडी मागण्याइतकं काहीतरी तपास अधिकाऱ्याच्या हातात हवं. पोलीस कोठडी एकूण १५ दिवसांपर्यंतच मिळते. खुनासारख्या गुन्ह्यात ९० दिवसांत दोषारोपपत्र गेलं नाही, तर आरोपीला जामिनाचा हक्कच मिळतो. २४ तास, १५ दिवस, ९० दिवस या तीन मुदतींवर तीन वेगळ्या चालीच्या कादंबऱ्या उभ्या राहतात. पहिलं पुस्तक असेल तर २४ तासांचं घड्याळ निवडा. पन्नास ते साठ हजार शब्दांत ते नीट मावतं आणि मधल्या भागात कथा सैल पडायला जागाच उरत नाही.

संशयित स्त्री असेल तर आणखी एक घड्याळ मिळतं. अपवाद सोडता तिला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करता येत नाही. अपवाद करायचा तर महिला अधिकारी हवी आणि दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगीही. जूनमध्ये मुंबईकडे सूर्य सव्वासातच्या सुमारास मावळतो, डिसेंबरात सहाच्या सुमारास. कथा कोणत्या महिन्यात घडते यावर संशयिताला सव्वा तास जास्त मिळतो की कमी, हे ठरतं.

कलमांचं भान ठेवा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम लागू झाले. गुन्हा त्यानंतरचा असेल तर खुनाचं कलम १०३, आधीचा असेल तर ३०२. कादंबरी २०२५ सालातली आणि फिर्यादीत ३०२, हे जाणकाराला लगेच खटकतं. हवालदाराच्या बोलण्यात मात्र 'तीनशेदोन' खुशाल येऊ द्या. वर्षानुवर्षांची जीभ एका दिवसात बदलत नाही.

डोंबिवलीच्या बाईंच्या बाबतीत पहिल्या तासाला खुनाचा गुन्हा दाखल होईलच असं नाही. अंगावर जखम नसेल तर आधी अकस्मात मृत्यूची नोंद होते, पंचांसमक्ष पंचनामा होतो, शव विच्छेदनाला जातं, आणि अहवालात गळा दाबल्याची खूण निघाली की मग खुनाचा गुन्हा. या मधल्या वेळात नातेवाईक घर आवरून टाकतात, कुकर घासून ठेवतात. पुरावा कुणाच्याही वाईट हेतूशिवाय नाहीसा होतो, आणि वाचक हळहळत पुढचं पान उलटतो.

हद्द तपासा. डोंबिवली ठाणे पोलीस आयुक्तालयात येते, त्यामुळे मुंबई गुन्हे शाखेचा निरीक्षक तिथे येऊन सरळ तपास हातात घेत नाही. अधीक्षकांच्या ग्रामीण जिल्ह्यात स्थानिक गुन्हे शाखा असते, तिलाच सगळे 'एलसीबी' म्हणतात. सहायक पोलीस निरीक्षक आणि उपनिरीक्षक यांच्या पदांची गल्लत तर छापलेल्या पुस्तकांतही दिसते.

शेवटी खुनी कबुली देतो, आणि कादंबरी पडते

तीनशे पानांची मेहनत शेवटच्या वीस पानांत वाया जाते, ती बहुतेक वेळा इथे. निरीक्षक टेबलावर हात आपटतो, आरोपी रडत सगळं सांगतो, पडदा. पोलिसांपुढे दिलेली कबुली न्यायालयात आरोपीविरुद्ध चालत नाही, हे आज टीव्ही बघणाऱ्या वाचकालाही माहीत आहे. नार्को चाचणीची पळवाटही बंद आहे. संमतीशिवाय ती करता येणार नाही असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितलं.

कायद्याने ठेवलेली वाट जास्त नाट्यमय आहे. आरोपीने सांगितल्यावरून एखादी वस्तू सापडली, तर त्या शोधापुरतं त्याचं बोलणं पुराव्यात येतं. त्यासाठी निवेदन पंचनामा होतो. दोन पंच बोलावले जातात. त्यांच्यासमोर आरोपी म्हणतो, 'किल्ली कुठे टाकली ते दाखवतो.' सगळे गाडीत बसतात. वाट आरोपी सांगतो. उतरल्यावर तो पुढे, पंच आणि पोलीस मागे. तो एका नाल्याच्या कठड्याशी थांबतो, खाली वाकतो, दगड बाजूला करतो. वस्तू मिळाली तर ती कागदात गुंडाळून, दोरा बांधून, लाखेचं सील मारून, पंचांच्या सह्यांचं लेबल लावून मुद्देमालात जाते. नव्या कायद्याखाली झडती आणि जप्तीचं चित्रीकरणही करावं लागतं. म्हणजे 'पोलिसांनी खिशातून काढून ठेवलं' हा जुना डाव २०२५ च्या कादंबरीत खेळायचा, तर मोबाइल कुणाच्या हातात होता आणि चित्रीकरण कुठे तुटलं, हे आधी ठरवा.

हा प्रसंग लिहिताना प्रकरण दगड उचलल्यावर तोडा, खाली काय आहे ते पुढच्या प्रकरणात. दगडाखाली दुसऱ्याच दाराची किल्ली निघाली, तर आणखी शंभर पानांची सोय झाली.

तांत्रिक पुराव्याने कथा मारू नये

मोबाइलचं लोकेशन, सीसीटीव्ही आणि फास्टॅग हे तीन प्रश्न वाचक विचारणारच. फास्टॅग फेब्रुवारी २०२१ पासून सक्तीचा आहे, तेव्हा द्रुतगती मार्गाने पुण्याहून आलेल्या गाडीची खालापूर आणि तळेगावच्या नाक्यांवर वेळेसकट नोंद राहते. ती टाळायची तर पात्राला दुचाकीने किंवा एसटीने आणा. मोबाइलच्या टॉवरवरून परिसर कळतो, मजला कळत नाही. सोसायटीच्या कॅमेऱ्याची हार्ड डिस्क भरली की जुन्या चित्रणावर नवं चढतं. शिवाय त्या यंत्राचं घड्याळ बऱ्याचदा काही मिनिटं पुढे-मागे असतं, म्हणून जाणता अधिकारी ते खऱ्या वेळेशी ताडून फरक पंचनाम्यात लिहून ठेवतो. अकरा मिनिटांचा असा फरक एखाद्या निर्दोष माणसाला अडकवायला पुरतो.

मराठी क्रियापद खुन्याला पकडून देतं

ही अडचण खास आपली आहे आणि तिच्यावर हवा तेवढा विचार होत नाही. खुन्याच्या तोंडून मधूनमधून एखादं पान लिहायचं, ही या प्रकारातली आवडती युक्ती. इंग्रजीत 'मी' म्हटलं की काम भागतं. मराठीत 'मी आत गेलो' किंवा 'मी आत गेले' लिहिताक्षणी निम्मे संशयित सुटले. 'ती व्यक्ती' म्हणावं तर व्यक्ती हा शब्दच स्त्रीलिंगी, वाचकाची उगाच दिशाभूल होते. 'मारेकरी आला' म्हटलं की पुरुष ठरला.

पण वाट व्याकरणातच आहे. सकर्मक क्रियापद भूतकाळात कर्माच्या मागे जातं, कर्त्याचं लिंग दाखवत नाही. 'मला' आणि 'माझ्याने' यांनी सुरू होणारी वाक्यंही मुकी राहतात. भविष्यकाळातलं 'मी येईन' चालतं, 'मी वाट बघत आहे' चालतं. 'बघतोय' किंवा 'बघतेय' चालत नाही. आता भात लावणाऱ्याचं पान बघा:

'दार मी कडी न वाजवता उघडलं. तांदूळ दोनदा धुतले. तीन शिट्ट्या होऊ दिल्या. ताटं दोन घेतली, जेवण मला एकाच ताटातलं गेलं. आतल्या खोलीकडे बघवेना. ताटं धुतली, पालथी घातली. थोड्या वेळाने कुणीतरी दार तोडेल. तेव्हा मी गर्दीत असेन.'

पान वाचून लिहिणारा पुरुष की स्त्री, हे कळत नाही, आणि कुठे ओढाताणही जाणवत नाही. सापळे मात्र आहेत. 'विसरणे', 'बोलणे', 'शिकणे', 'भेटणे' ही क्रियापदं कर्म असूनही कर्त्याचं लिंग सांगतात: 'मी किल्ली विसरलो' आणि 'मी किल्ली विसरले'. तिथे 'किल्ली माझ्याकडून राहिली' करा. असं पान लिहून झालं की प्रत्येक क्रियापदाखाली पेन्सिलीने रेघ मारून तपासा. एकच चुकलेलं 'थांबलो' अख्खं रहस्य फोडतं.

त्याच भाषेची दुसरी देणगी म्हणजे क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. 'पलंगाखालच्या ट्रंकेत, साड्यांच्या घडीखाली, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं ते पाकीट...' इथवर वाचक लोंबकळत असतो. 'नव्हतं' हा शब्द शेवटी येतो आणि सगळं पालटतं. दर पानावर हे करू नका, दहा पानांत एकदा पुरे.

चौकशीच्या प्रसंगात 'तुम्ही' कुठे सुटतं तिकडे लक्ष द्या. 'बसा, पाणी घ्या, तुम्ही काकूंना शेवटचं कधी भेटलात?' असं तीन पानं चालल्यावर मॅडम अचानक 'किल्ली कुठंय तुझ्याकडची?' विचारतात. आवाज चढला, डोळे वटारले, असलं काहीही लिहावं लागत नाही. हे हत्यार एका चौकशीत एकदाच वापरा, आणि उत्तर देणाऱ्याने 'माझ्याकडे किल्ली नव्हतीच, मॅडम' असं घाईने म्हटलं की प्रकरण तिथेच थांबवा.

कार्डं, आणि पहिल्या खर्ड्यानंतरची कात्री

प्रकरण १२०० ते १५०० शब्दांचं ठेवलं, तर साठ हजार शब्दांना, प्रकरणाला एक धरून, चाळीस ते पन्नास कार्डं लागतात. प्रत्येक कार्डावर तीन ओळी: या प्रसंगात कुणाला काय हवंय, काय आडवं आलं, आणि शेवटी आधीपेक्षा काय बदललं. तिसरी ओळ सुचत नसेल तर तो प्रसंग काढा, तो कितीही सुंदर लिहिलेला असला तरी. योगायोग एकदाच चालतो, आणि तोही नायकाला संकटात टाकणारा. योगायोगाने सुटका झाली की वाचकाचा विश्वास उडतो, आणि या प्रकारात तो परत मिळवणं फार अवघड असतं.

पूर्वायुष्याची हकिकत पहिल्या सत्तर पानांत येऊ देऊ नका. नायिकेची आई कशी गेली, हे वाचकाला हवंसं वाटेपर्यंत दडवून ठेवा आणि मग तीन वाक्यांत द्या.

खर्डा पंधरा दिवस बाजूला ठेवा आणि मग मोठ्याने वाचा. प्रत्येक प्रकरणाचा पहिला परिच्छेद झाकून वाचा: निम्म्या ठिकाणी तो नसला तरी चालतं, तिथे तो काढा. 'अचानक', 'इतक्यात', 'एकाएकी' हे शब्द शोधून मोजा. जिथे ते लागले, तिथे आधीच्या दोन वाक्यांत काहीतरी मांडायचं राहिलेलं असतं. शेवटी भिंतीवर एक कागद लावून त्यावर कथेचा प्रत्येक तास लिहा आणि कुकर, किल्ली, कॅमेरा, सूर्यास्त एकेक करून त्यावर बसवून बघा. भात साडेसातला लावला असेल, तर पावणेआठला जिन्यात भेटलेल्या दूधवाल्याला शिट्टी ऐकू आली होती का, हे त्याला कुणीतरी विचारलेलं असलं पाहिजे.