आजोबांचं घुमट माळ्यावर पडलंय? मढवायला शिका

गोव्यात बऱ्याच घरांत माळ्यावर नाहीतर देवघराच्या बाजूला एक जुनं घुमट असतंच, म्हणजे दोन्हीकडे तोंड असलेल्या मडक्याच्या मोठ्या तोंडावर कातडं मढवलेलं वाद्य. २०१९ ला सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य जाहीर केलं तेव्हापासून लोक ते पुसून, वार्निश मारून शोकेसमध्ये ठेवायला लागलेत. मला विचाराल तर त्याच्यासारखं दुसरं बनवायला शिका, शोकेसचं नंतर बघू.

पहिलं म्हणजे जुन्याला हात लावू नका. त्यावर घोरपडीचं कातडं असण्याची शक्यता भरपूर, कारण पूर्वी तेच वापरायचे. वन्यजीव कायदा १९७२ चा, घोरपड शेड्यूल एकमध्ये (म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत), शिकारीला तीन ते सात वर्षं जेल. म्हणून ते विकायचं नाही, कोणाला द्यायचं नाही आणि घरात ठेवण्याबद्दल फॉरेस्टवाल्यांना एकदा विचारून घ्यायचं. फक्त नीट बघा, फोटो काढा, सुतळीने दोन्ही तोंडांचा घेर मोजा, दोरीचे वेढे काठाच्या किती खाली आहेत ते लिहून ठेवा.

मग मडकं. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी बाजारात मिळतात, नाहीतर डिचोलीकडच्या कुंभाराकडे माप घेऊन जा. घेताना टिचकी मारून बघायचंच, बद्द वाजलं की तडा आहे, ठेवून द्या खाली. मोठ्या तोंडाच्या काठावरून बोट फिरवा, खरखरीत लागला तर पॉलिश पेपर मारा, नाहीतर तोच काठ पुढे कातडं कापतो.

कातडं बकऱ्याचं, कच्चं, केस काढलेलं. ढोलकी-तबलेवाल्यांकडे विचारा, चपलांचं कमावलेलं चामडं अजिबात चालत नाही. कण्याकडचा भाग जाड असतो आणि पोटाकडचा सैल ताणत जातो, त्यामुळे मधल्या बाजूचा तुकडा घ्या, काठाच्या बाहेर चारी बाजूंनी चांगलं वीतभर सोडून कापा. रात्रभर साध्या पाण्यात भिजत ठेवा. लवकर व्हावं म्हणून गरम पाणी घालणारे असतात, त्याने कातडं आकसून चिकट होतं आणि वाया जातं.

आता खरं काम. ओलं कातडं मोठ्या तोंडावर पसरा, एकाला मडकं धरायला बसवा (घरात कोणीतरी रिकामं असतंच), समोरासमोरच्या बाजू आळीपाळीने ओढा, एकाच बाजूने ओढत गेलात की सुरकुती पडते आणि ती मग सुकल्यावर निघत नाही. काठाखाली सुती दोरीचे वेढे घट्ट आवळा. पण कातडं ओलं असताना फक्त हाताने ताणलं जाईल तेवढंच ताणायचं, कारण सुकताना ते स्वतःच आकसतं, आधीच तंग केलेलं असलं तर फाटतं नाहीतर काठच उडवतं. सावलीत सुकवा, उन्हात नाही. कडेचं उरलेलं कातडं पूर्ण सुकल्यावर कापा.

वाजवून बघताना उजव्या हाताने कातड्यावर थाप आणि डाव्या पंजाने मागचं लहान तोंड उघडझाप, आतली हवा कोंडली की आवाज बदलतो. तो घुमला पाहिजे, नुसता टकटक आला तर कातडं जाड आहे, पुढच्या वेळी पातळ घ्या.

मढवायचं काम शक्यतो मे महिन्यात उरकून घ्या. चवथ भर पावसात येते, दमट हवेने कातडं हमखास सैल पडतं, म्हणून आरतीआधी घुमट थोडा वेळ चुलीजवळ लांबूनच शेकवून घ्यायचं.