पिल्लाला ‘बस’, ‘ये’, ‘थांब’ आणि ‘सोड’ कसं शिकवावं

घरात कुत्र्याचं पिल्लू आलं की पहिल्याच आठवड्यात कुणीतरी त्याला शेकहँड शिकवायला बसतं. पाहुण्यांसमोर ते छान दिसतं, पण दार उघडं राहून पिल्लू जिन्याकडे पळालं तर शेकहँडचा काडीचाही उपयोग नसतो. तिथे ‘ये’ लागतं, ‘थांब’ लागतं. आठ आठवड्यांचं पिल्लू हे शिकू शकतं, त्यामुळे ‘सहा महिन्यांचं झालं की ट्रेनर लावू’ म्हणत बसू नका. लसी पूर्ण होईपर्यंत डॉक्टर त्याला रस्त्यावर उतरवू नका म्हणतात. घरातल्या शिकवणीला तोच काळ सोयीचा.

आधी घरच्यांची शिकवणी

बाबा म्हणतात ‘सिट’, आई म्हणते ‘बस खाली’, मुलं म्हणतात ‘बैठ’. पिल्लाच्या लेखी हे तीन वेगळे आवाज. एक काय ते ठरवा, कागदावर लिहून फ्रिजवर लावा. भाषा कुठलीही चालते. मात्र ‘ये’ आणि ‘बस’ तुमच्या घरात दिवसभर कानावर पडत असतील तर ‘कम’, ‘सिट’ बरे. (एरवी अस्सल मराठी बोलणारे लोक कुत्र्याशी इंग्रजीत का बोलतात, याचं निदान एक कारण तरी हे असावं.)

खाऊ म्हणून बिनमिठाचं उकडलेलं चिकन किंवा पनीर, वाटाण्याएवढे तुकडे करून. गोड बिस्किटं नकोत. मनुके, द्राक्षं, चॉकलेट, कांदा-लसूण हे कुत्र्यांना घातक असतं, हे लाडवातला मनुका प्रेमानं पुढे करणाऱ्या आजोबांनाही सांगून ठेवा. जेवढा खाऊ दिला तेवढं जेवण कमी करा.

शिकवणी जेवणाआधी, शी-शू उरकून. एका वेळी तीन ते पाच मिनिटं, दिवसातून तीनचारदा. पिल्लू जांभया द्यायला लागलं, जमीन हुंगायला लागलं की थांबा.

बस

तुकडा बोटांत धरून त्याच्या नाकाशी न्या आणि हळूच कपाळावरून मागे सरकवा. नाक वर गेलं की ढुंगण आपोआप खाली टेकतं. टेकलं त्याच क्षणी ‘शाब्बास’ आणि खाऊ. दोन-तीन सेकंद उशीर झाला तर तोवर ते उठलेलं असतं आणि बक्षीस उठण्याला मिळतं.

हात उंच नेलात तर पिल्लू उडी मारतं. नाकापासून दोन बोटांहून जास्त अंतर नको. मागेमागेच सरकत असेल तर कोपऱ्यात घ्या. गुळगुळीत टाइल्सवर मागचे पाय फाकतात आणि ते बसायचंच टाळतं, आपल्याला वाटतं हट्टी आहे. खाली सतरंजी टाकून बघा. पाठ दाबून बसवू नका.

हाताच्या खुणेवर बसायला लागलं की शब्द जोडा. आधी शब्द, मग खूण, आणि शब्द एकदाच. ‘बस, बस, अरे बस ना’ असं चाललं तर पिल्लू शिकतं की तिसऱ्यांदा म्हटल्यावर बसायचं.

ये

चारांतलं सगळ्यात महत्त्वाचं हेच, आणि माणसं बिघडवतात तेही हेच. दोन पावलांवर उकिडवे बसा, खुशीच्या आवाजात नाव घेऊन ‘ये’ म्हणा. आलं की खाऊ द्या, गळ्याचा पट्टा हलकेच धरा, सोडून द्या. पट्टा धरण्याची सवय आत्ताच लावली नाही तर पुढे ते हातभर अंतरावर येऊन निसटतं. हळूहळू अंतर वाढवा, मग दुसऱ्या खोलीतून हाक मारा. घरातली दोन माणसं दोन टोकांना बसून आळीपाळीनं बोलावतील तर पिल्लाला तो खेळच वाटतो.

‘ये’ म्हणून बोलावून कधीही रागावू नका, औषध पाजू नका, आंघोळीला नेऊ नका. त्या कामांसाठी स्वतः उठून त्याला आणा. चप्पल फाडल्याबद्दल बोलावून ओरडलात, तर त्याच्या डोक्यात चप्पल राहत नाही. तुमच्याकडे आलं की ओरडा बसतो, एवढंच राहतं. बाहेर नेऊ लागलात की सुरुवातीला पाचेक मीटरची लांब दोरी बांधूनच हाक मारा. पळालं तर मागे धावू नका, उलट दिशेला पळा.

थांब

पिल्लू बसलेलं असताना तळहात दाखवून ‘थांब’ म्हणा, एक सेकंद जाऊ द्या, खाऊ द्या. मग दोन, मग पाच. आधी वेळ वाढवा, अंतर नंतर. दोन्ही एकदम नको. सुटकेचाही शब्द ठरवा, ‘चल’ वगैरे. जेवणाचं भांडं खाली ठेवताना आणि दार उघडताना रोज वापरा, वेगळा सराव फारसा लागत नाही.

सोड

तोंडातलं हिसकावलं की पिल्लू ते घेऊन पळायला किंवा गिळून टाकायला शिकतं. त्याऐवजी अदलाबदल करा. नाकाशी चिकन धरा, तोंड उघडलं की ‘सोड’ म्हणा आणि खाऊ द्या. वस्तू धोक्याची नसेल तर परत द्या. सोडलं तरी गमवावं लागत नाही, हे एकदा कळलं की काम सोपं होतं. साधारण चौथ्या महिन्यापासून दुधाचे दात पडू लागतात, त्या दिवसांत हा शब्द सतत लागेल. चघळायला एखादं खेळणं हाताशी ठेवा.

हॉलमध्ये जमलेलं जिन्यात जमेलच असं नाही. नव्या जागी पुन्हा सोप्यापासून सुरू करा. पक्कं झालं की खाऊ कधी द्या, कधी नुसतं कौतुक करा; ‘ये’ला मात्र देत राहा. सहा-आठ महिन्यांचं झाल्यावर सगळं विसरल्यासारखं वागतं. ते वयच तसं, लांब दोरी पुन्हा बांधायला घ्या.

जेवणाच्या भांड्याजवळ कुणी गेल्यावर पिल्लू अंग ताठ करून गुरगुरत असेल तर ‘सोड’चा सराव तिथे करू नका. मुलांना लांब ठेवा आणि प्राण्यांच्या डॉक्टरांना विचारा.