कोकम, गुळवेल, हळद: या चुका टाळा, प्लीज

भिरंडांचा, म्हणजे कोकमाच्या फळांचा, सीझन आला की मला फोन येतात, सरबत तपकिरी का झालं म्हणून. दरवर्षी तेच, आणि दरवर्षी समोरच्याने ते उकळलेलंच असतं.

कोकमाचा तो लाल रंग म्हणजे अँथोसायनिन. अँटीऑक्सिडंट, अँटीऑक्सिडंट म्हणून आपण ज्याचं कौतुक करतो त्यातला मोठा वाटा याचाच (दुसरं गार्सिनॉल, तेही सालीतच). हा रंग आंबटात टिकतो पण आच आणि उजेड लागला की मोडतो. म्हणजे रंग उडाला तर नुसतं दिसायला वाईट झालं असं नाही, ज्यासाठी पिताय तेच गेलं.

आमच्या भाच्याला कोकम सिरपचा धंदा करायचा होता. साखर भरून वाट बघायला वेळ नाही, मोबाईलवर कुणीतरी झटपट रेसिपी दाखवलेली, म्हणून याने ॲल्युमिनियमच्या टोपात साली घातल्या आणि तासभर रटरटवल्या. अरे बाबा, इतकं आंबट आणि ॲल्युमिनियम! चवीला धातू लागला, रंग विटकरी. मग कुणी म्हणालं आंबट फार आहे, तर यानं वर खायचा सोडा टाकला. भसकन फेस आला आणि खाली जांभळट करडं पाणी. 'मामा, हे असं कसं झालं?' आम्ल मारलंस तर होणारच, आम्ल कमी झालं की अँथोसायनिन लालाचं निळसर होतं आणि मग फार टिकतही नाही. पुढे लाल फूड कलर घालून तेच विकतो म्हणाला तेव्हा त्याच्या आईने टोप उचलून परसात ओतला. बरं केलं.

माझी पद्धत सांगतो. पिकलेली फळं धुवून पूर्ण कोरडी करायची, अर्धी कापून बिया काढायच्या, वाट्यांत साखर भरून काचेच्या बरणीत थर लावायचे. इकडे बरेच जण बरणी उन्हात ठेवतात, मी काळोख्या कोपऱ्यात ठेवतो, रोज हलवतो आणि साखर विरघळली की गाळून फ्रीजमध्ये. वेळ लागतो. ज्याला घाई आहे त्याने लिंबू पिळावं.

आगळात, म्हणजे मीठ घालून काढलेल्या कोकमाच्या रसात, मीठ भरपूर असतं, बीपीवाल्यांनी मोजून. आणि वजन उतरवायच्या गार्सिनियाच्या कॅप्सूल म्हणजे आपली सोलकढी नव्हे, त्या बहुतेक कोकमाच्या भावंडापासून करतात आणि त्यांनी लिव्हर बिघडल्याच्या केसेस नोंदलेल्या आहेत.

गुळवेलीचं तर विचारूच नका. कोविडपासून जो तो कुंपणावरचा वेल तोडून काढा करतोय. अगदी तशाच पानांची दुसरी जात असते, टिनोस्पोरा क्रिस्पा, तिच्या खोडावर फोडांसारख्या गाठी भरपूर असतात आणि कापल्यावर दुधट चीक येतो. तसलं काही दिसलं तर सोडून द्या. फोटो काढून ॲपला विचारण्यापेक्षा चवथीला माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या रानफळांचं) सामान आणायला रानात जाणारा एखादा जाणता माणूस गाठा, तो चालता चालता सांगेल. खरी गुळवेल मिळाली तरी रोज पेलाभर, महिनोन्‌महिने, हे कुणी सांगितलं? लिव्हरचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हातच लावू नका.

आवळा शिजवला की क जीवनसत्त्व बरंच जातं, कच्चा खा.

पाकिटावर 'ओरॅक' म्हणून अँटीऑक्सिडंट ताकदीचा मोठा आकडा छापलेला असला तर भुलू नका. तो परीक्षानळीतला आकडा, पोटात गेल्यावर तसंच होतं असं नाही, म्हणून अमेरिकेच्या कृषी खात्याने २०१२ मध्ये ती सगळी यादीच वेबसाईटवरून काढून टाकली. आपल्याकडे अजून त्यावर पावडरी खपतायत.

हळद. पाण्यात ढवळून उपाशीपोटी पिणारे खूप भेटतात. कर्क्युमिन, म्हणजे हळदीतला तो पिवळा घटक, पाण्यात विरघळत नाही, अंगी फार कमी लागतं. मिरीतल्या पायपेरिनसोबत घेतलं तर कित्येक पट जास्त शोषलं जातं असं १९९८ च्या अभ्यासात दिसलं, पण तिथे २ ग्रॅम शुद्ध कर्क्युमिन दिलेलं आणि आपल्या हळदीत ते साधारण ३ टक्के, हिशोब तुम्हीच करा. मी आपला तेलात फोडणीला घालतो, हुमणात (माशाच्या आमटीत) घालतो, वर मिरी असतेच. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर हळदीच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारूनच, हुमणातली हळद चालू द्या.