पगार ऐरोलीत, भाडं लिस्बनमध्ये: या चुका टाळा

नौपाड्यातल्या आमच्या सीएच्या ऑफिसात परदेशी पैसे पाठवण्याचे कागद माझ्या टेबलावरून जातात. पूर्वी लोक यायचे ते मुलांच्या फीसाठी. हल्ली लॅपटॉपवाले येतात. कंपनी ऐरोलीची, पगार रुपयांत आणि राहायचंय पोर्तुगालला, परदेशी कंपनीचं काम तिथे बसून करणाऱ्यांच्या डी-८ व्हिसावर. उत्पन्न तिथल्या किमान वेतनाच्या चौपट हवं, म्हणजे २०२५च्या हिशेबाने महिना ३,४८० युरो, हे सगळं यांना तोंडपाठ. घराचे पैसे कसे पोचवायचे हा विचार मात्र तिकीट काढल्यावर.

सगळ्यात लाडकी चूक म्हणजे डिपॉझिट शेवटच्या घटकेला पाठवणं, तेही भलत्याच्या खात्यातून. कोलशेतच्या एका मुलाला लिस्बनमध्ये छान फ्लॅट मिळाला. मालकीणबाईंनी सोमवारपर्यंत डिपॉझिट मागितलं. पठ्ठ्याने गुरुवारी रात्री वडिलांना सांगितलं, "बाबा, तुमच्या खात्यातून टाका, नंतर देतो." बाबा शुक्रवारी बँकेत. परदेशी पैसे पाठवण्याचा ए-टू फॉर्म, पॅन, सही जुळत नाही म्हणून पुन्हा सही. मध्ये शनिवार-रविवार. पैसे मंगळवारी पोचले आणि पंचवीस युरो कमी भरले. फॉर्मवर शुल्क दोघांत विभागायच्या रकान्यात टिक होती, मधल्या बँकेने आपला वाटा कापून घेतला होता. बाईंना दिसलं काय? पैसे उशिरा, कमी, आणि पाठवणारा कोणी तिसराच. हे गृहस्थ कोण, याचं उत्तर जाईपर्यंत घर दुसऱ्याला गेलं. पैसे परत आले तेही कापून. मग बाबा आमच्याकडे, "मॅडम, बँकेवर केस करता येईल का?" कशाची केस? टिक त्यांचीच, सही त्यांचीच.

मी स्वतः शुल्क नेहमी पूर्ण पाठवणाऱ्याकडे ठेवायला लावते, वर थोडे युरो जास्त घालते आणि सोमवार-मंगळवारी पाठवते. खातं भाडेकरूचंच. संदर्भाच्या रकान्यात त्याचं नाव आणि फ्लॅटचा पत्ता, बँकेकडून मिळणारी स्विफ्टची (पैसे पाठवल्याची) पावती त्याच दिवशी मालकाला. ॲपवरून दहा मिनिटांत होतं म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. होतं की, ज्या दिवशी घाई नसते त्या दिवशी.

मग पगाराचा पुरावा. मालकाला चिंता तुमच्या पगाराच्या आकड्याची कमी, भाडं थकलं तर वसूल कुठून करायचं याची जास्त. म्हणून तिकडे फियादोर मागतात, म्हणजे हमी घेणारा तिथला माणूस. तुमचे मामा चालत नाहीत, घोडबंदरला त्यांचे दोन फ्लॅट असले तरी. फियादोर नसेल तर काही मालक आणखी काही महिन्यांचं भाडं आधीच मागतात, ते धरून चाला. परदेशातून काम करायला परवानगी आहे असं कंपनीचं लेखी पत्र घ्या. "मॅनेजर हो म्हणालेत" हे पत्र नव्हे, मॅनेजर बदलतात. आणि अर्जाच्या आदल्या आठवड्यात काकांकडून पाच लाख आणून खातं फुगवणाऱ्यांनो, स्टेटमेंटवर तारीख छापलेली असते.

टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक गोळा करते तो कर, विसरू नका. आर्थिक वर्षात दहा लाखांच्या वर पाठवलं की वरच्या रकमेवर बँक २० टक्के कापते. विवरणपत्रात त्याचा हिशेब होतो, पण तोवर पैसे अडकतात. जमलं तर थोडे मार्चमध्ये, थोडे एप्रिलमध्ये पाठवा.

निफ, म्हणजे तिथला कर क्रमांक, आधी काढा. त्याच्याशिवाय करारच अडतो.

तिकडे स्थायिक झाल्यावर इथलं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं खातं, करून घ्या. "कोण बघतंय?" हे मला ऐकवू नका.

१८३ दिवसांहून जास्त राहिलात की पोर्तुगालचं करखातं तुम्हाला आपलं मानतं. भारताशी त्यांचा दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार आहे, पण सीएकडे निघण्यापूर्वी या, नोटीस हातात घेऊन नको.

घर न बघता पैसे? ओळखीच्या कुणाला तरी पाठवून व्हिडिओ कॉलवर नळ सोडून बघा.

आणि मालक म्हणाला, करार फिनान्सासमध्ये, म्हणजे तिथल्या करखात्यात, नोंदवत नाही, त्या बदल्यात भाडं कमी करतो, तर तिथून निघा. नोंद नसली की भाड्याची अधिकृत पावती नाही, आणि रेसिडेन्स परमिटच्या अपॉइंटमेंटला पत्त्याचा पुरावा मागितला की हातात व्हॉट्सॲपचे मेसेज.