उन्हाळ्यात आपोआप बंद पडणारा डेस्कटॉप: हीटसिंक काढून पुन्हा नीट कसा बसवावा

ग्वाल्हेरला मे महिना लागला की लश्कर भागातल्या घराघरांतून एकच तक्रार ऐकू येते. कॉम्प्युटर चालता चालता खटकन बंद पडतो, लगेच लावला तर पाच मिनिटांत पुन्हा बंद, आणि तासाभराने लावला की थोडा वेळ सुरळीत चालतो. यावर पहिला सल्ला मिळतो विंडोज फॉरमॅट करण्याचा, दुसरा एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा भाग, बदलण्याचा आणि तिसरा नवीन मशीन घेण्याचा. तापमान न मोजता दिलेला यांतला एकही सल्ला ऐकू नका. थंड झाल्यावर चालणारा आणि तापल्यावर बंद पडणारा कॉम्प्युटर बहुतेक वेळा उष्णतेनेच बंद पडत असतो, आणि त्याचा इलाज घरच्या घरी होतो.

हिवाळाभर नीट चाललेले मशीन मेमध्येच का कुरकुरते, हे आधी समजून घ्या. हीटसिंक, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा पंख्याखालचा धातूचा ठोकळा, प्रोसेसरला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. तेच काम चालू असेल तर प्रोसेसर आणि खोलीतली हवा यांच्या तापमानातला फरक साधारण तेवढाच राहतो. जानेवारीत खोलीत १५ अंश आणि प्रोसेसर ६० अंशांवर असेल, तर मेच्या दुपारी ४२ अंशांच्या खोलीत तोच प्रोसेसर ८७ च्या आसपास जातो. त्यात धूळ आणि प्रोसेसर व हीटसिंक यांच्यामधली वाळलेली थर्मल पेस्ट यांनी आणखी दहा-बारा अंश वाढवले की मर्यादा गाठलीच. इंटेलच्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरांची मर्यादा १०० अंशांच्या जवळपास असते, एएमडी रायझनची बहुधा ९० ते ९५. तिथे पोचल्यावर प्रोसेसर आधी स्वतःचा वेग कमी करतो, आणि तरीही तापमान चढत राहिले तर वीज तोडतो. म्हणजे बंद पडण्याच्या आधी मशीन मंदावते. दुपारी मंदावलेल्या मशीनमध्ये रॅम वाढवायला निघालेल्यांना मी नेहमी थांबवतो. सकाळी सहा वाजता तेच मशीन नीट पळत असेल तर रॅमचा काही संबंध नाही.

आधी मोजा

एचडब्ल्यूइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर टाका आणि नेहमीचे काम करताना प्रोसेसरचे तापमान बघा. विंडोज सुरू होईपर्यंत मशीन टिकत नसेल तर बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, जाऊन हार्डवेअर मॉनिटरचे पान उघडा. तिथे काही न करता दोन मिनिटांत आकडा ६० वरून ९० वर चढत गेला, तर हीटसिंक प्रोसेसरला नीट टेकलेलाच नाही. फक्त धुळीने तापमान इतक्या झपाट्याने चढत नाही.

विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नेल-पॉवर ४१’ दिसले म्हणून एसएमपीएस बदलायला धावू नका. मशीन रीतसर बंद न होता थांबले, एवढेच ती नोंद सांगते. चालू मशीनची वायर उपटली तरी तीच नोंद होते. मात्र तापमान ६०-६५ वर असतानाच मशीन बंद पडत असेल, तर इथे पुढे वाचण्याऐवजी एसएमपीएस आणि घरातले व्होल्टेज तपासा.

साफसफाई

कॅबिनेट गच्चीवर न्या, कोरडा मऊ ब्रश आणि ब्लोअर वापरा, आणि ब्लोअर मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवा. हवेच्या जोराने पंखा भलत्या वेगाने फिरला तर त्याचे बेअरिंग जाते. एसएमपीएस उघडायचा नाही. वायर काढल्यानंतरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा चार्ज राहू शकतो, त्यामुळे त्याला बाहेरूनच हवा मारा.

हीटसिंक काढणे आणि बसवणे

सगळी गोम या पायरीत आहे, आणि नेमकी हीच पायरी बहुतेक ठिकाणी ‘हीटसिंक काढा, पेस्ट लावा, परत बसवा’ अशी एका ओळीत उरकलेली असते. मला स्वतःला हे जमायला बराच काळ लागला. माझ्याकडे येणाऱ्या मशीनपैकी ज्यांची ‘सर्व्हिसिंग’ नुकतीच झालेली असते आणि तरीही ती तापत असतात, त्यांत बहुधा एक पुश पिन अर्धवट बसलेली सापडते.

इंटेलचा, प्रोसेसरच्या डब्यासोबत येणारा गोल हीटसिंक चार पुश पिनांवर बसतो. प्रत्येक पिनेत पांढरा, खालून दुभंगलेला प्लास्टिकचा पाय असतो आणि त्याच्या पोटात काळी कांडी. कांडी वरून दाबली की बोर्डाच्या खाली पांढरा पाय फाकतो आणि भोकात अडकून बसतो. हे चित्र डोक्यात पक्के असेल तर पुढचे सगळे सोपे जाते.

काढताना: मशीन बंद, वायर काढलेली, कॅबिनेट आडवे. आधी पंख्याची वायर बोर्डावरून सोडवा. मग प्रत्येक काळे डोके बाणाच्या दिशेने पाव वळसा फिरवा आणि सरळ वर ओढा. चारही सुटल्यावर हीटसिंक अलगद डावीकडे-उजवीकडे फिरवून उचला. प्रोसेसर काढायची गरज नाही. इंटेलच्या त्या बोर्डांवर प्रोसेसरला टेकणाऱ्या बारीक धातूच्या पिना सॉकेटमध्ये, म्हणजे प्रोसेसर बसतो त्या जागेत, असतात, आणि त्यांना बोट लागून एक जरी वाकली तरी बोर्ड हातचा जाऊ शकतो. प्रोसेसरवरची लोखंडी चौकट बंदच राहू द्या.

आता बसवण्याची तयारी. जुनी पेस्ट पुसून नवी लावण्याचे काम हीटसिंक ठेवण्याआधीच करायचे, ते पुढे ‘पेस्ट’ या भागात सांगितले आहे. हीटसिंक बोर्डावर ठेवण्याआधी चारही डोकी बाणाच्या उलट दिशेने अडेपर्यंत फिरवा आणि काळ्या कांड्या वर ओढलेल्या आहेत ना ते बघा. हे राहून गेले तर पिन दाबल्यावर आत गेल्यासारखी वाटते, पण अडकत नाही. बऱ्याच व्हिडिओंमध्ये हे दाखवतच नाहीत, आणि मग माणूस पिनेवर जोर काढत बसतो.

मग चारही पांढरे पाय भोकांत सरळ उतरलेत ना ते टॉर्च लावून बघा. एखादा पाय भोकाच्या काठावर अडून वाकला असेल तर तो हाताने सरळ करा, दाबून नाही. पाय आत उतरल्यावर दाबायच्या त्या समोरासमोरच्या, म्हणजे तिरक्या रेषेतल्या पिना: आधी एक, मग तिच्या तिरक्या समोरची, मग उरलेल्या दोन. एका बाजूच्या दोन्ही आधी दाबल्या तर दुसरी बाजू उचलली जाते आणि शेवटची पिन काही केल्या बसत नाही. प्रत्येक पिनेचा ‘कट्’ आवाज यायला हवा. बोर्ड थोडा वाकतो आणि भीती वाटते, पण कॅबिनेट आडवे असेल आणि दाब सरळ खाली असेल तर तेवढे वाकणे चालते. उभ्या कॅबिनेटमध्ये हे काम करूच नका.

आवाज आला म्हणून थांबू नका. हीटसिंक हाताने हलवून बघा, कुठलाच कोपरा उचलला जाता कामा नये. मग कॅबिनेटची दुसरी, मागची बाजू उघडा. बऱ्याच कॅबिनेटांत प्रोसेसरच्या मागे पत्र्याला मोठे भोक ठेवलेले असते. तिथून चारही ठिकाणी फाकलेला पांढरा पाय आणि मधे काळे टोक दिसले पाहिजे. डोळ्यांना दिसत नसेल तर मोबाइल आत धरून फोटो काढा. पत्र्याला भोकच नसेल तर बोर्ड बाहेर काढून बसवा. वेळ जास्त लागेल, तरी मी तेच करतो. तीन पिना बसल्या आणि चौथी ‘जवळजवळ’ बसली, याला बसणे म्हणत नाहीत. तशा हीटसिंकने संध्याकाळी मशीन चालेल आणि दुसऱ्या दिवशी लू, म्हणजे उन्हाळ्यातला गरम वारा, सुटली की पुन्हा बंद पडेल.

पाय तुटला असेल तर नव्या पिनांचा संच आणा. दोरीने बांधणे, फेविक्विक लावणे, जाड नट-बोल्ट आवळणे यांतले काहीही करू नका. आवळलेल्या बोल्टाने बोर्डाच्या आतले तांब्याचे मार्ग तुटतात आणि ते दुरुस्त होत नाहीत. नवा हीटसिंकच घ्यायचा असेल तर दुकानदाराला ‘इंटेलचा द्या’ एवढे सांगून भागत नाही, सॉकेट सांगा. भोकांमधले अंतर एलजीए ७७५ ला ७२ मिलिमीटर, एलजीए ११५०, ११५१, ११५५, ११५६ आणि १२०० ला ७५ आणि एलजीए १७०० ला ७८ मिलिमीटर आहे. एकाचा हीटसिंक दुसऱ्यावर नीट बसत नाही.

एएमडीच्या एएम४ बोर्डांवर धोका वेगळा आहे. तिथे त्या बारीक पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात. वाळलेल्या पेस्टने हीटसिंक इतका चिकटतो की ओढल्यावर सॉकेटचा खटका लावलेला असतानाही प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. म्हणून काढण्याआधी मशीन दहा-पंधरा मिनिटे चालवून पेस्ट कोमट करा, बंद करून वायर काढा, हीटसिंक मोकळा करा आणि उचलण्याआधी दोन्ही बाजूंना हळूहळू पिळा. पिळल्यावर सुटल्याचे हाताला कळते, तोवर वर ओढायचे नाही. प्रोसेसर तरीही सोबत आलाच, तर मधे स्क्रू ड्रायव्हर घालू नका. हेअर ड्रायरने हीटसिंकची बाजू गरम करा आणि प्रोसेसर कडांनी धरून पिळून सोडवा.

पेस्ट

जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोन्ही पृष्ठभागांवरून पुसा. सॅनिटायझर नको, त्यात बहुधा ग्लिसरीन असते आणि त्याचा थर मागे राहतो. नवी पेस्ट मधोमध, वाटाण्याहून थोडी लहान. पसरवायची गरज नाही, दाबाने पसरते. पेस्ट लावून हीटसिंक टेकवल्यावर तो पुन्हा उचलावा लागला तर पेस्ट पुसून नव्याने लावा, कारण उचलताना आत हवा शिरते. टूथपेस्ट लावणारे आजही भेटतात. ती काही दिवसांत वाळून भुगा होते.

नंतर

पंख्याची वायर ‘सीपीयू फॅन’ लिहिलेल्या जागीच लावा आणि बायोसमध्ये पाच मिनिटे तापमान बघा. आकडा चढून एका जागी स्थिरावला पाहिजे. मग भर दुपारी, चार वाजायच्या आधी, अर्धा तास जड काम देऊन पुन्हा मोजा. रात्री घेतलेल्या चाचणीवर मी विश्वास ठेवत नाही.

कॅबिनेटची बाजू उघडी ठेवण्याचा सल्ला फक्त तपासणीपुरता पाळा. दहा मिनिटे उघडे ठेवून तापमान बरेच उतरले, तर आतली हवा कोंडते आहे, आणि मागे बाहेर फेकणारा एक पंखा लावल्याने काम होते. कायम उघडे ठेवले तर लूबरोबर येणारी बारीक माती थेट बोर्डावर बसते. तसेच कॅबिनेट खोलीतल्या कूलरच्या समोर ठेवू नका. हवा थंड असली तरी तिच्यात पाण्याचे तुषार असतात, आणि इथल्या क्षारयुक्त पाण्याचा पांढरा थर बोर्डावर धरतो. कूलर खोलीत चालू असू द्या, कॅबिनेट त्याच्या झोताच्या बाजूला, भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा.