जगबुडीचं भाकीत आणि आपलं मत: या चुका टाळा

2012 साली निपाणीच्या माझ्या मावशीनं विम्याचा हप्ता भरला नाही. विड्या वळून साठवलेले पैसे डब्यात होते. पण 21 डिसेंबरला जग बुडणार असं टीव्हीवर रोज दाखवत होते, आणि बुडणारच असेल तर एजंटाच्या हातात पैसे कशाला द्यायचे, असा तिचा सरळ हिशेब. त्या पैशांत तिनं नातवाला बूट घेतले, घरात मेणबत्त्या आणि तांदूळ भरून ठेवले. 22 तारखेला सकाळी ती नेहमीसारखी पानं भिजवायला बसली. पॉलिसी मात्र बंद पडली.

मावशीचं नुकसान एका हप्त्याचं होतं. त्याच भीतीच्या जोरावर कुणी मतं मागतो तेव्हा नुकसान सगळ्या गावाचं होतं. मी महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात पंचवीस वर्षं शिकवतोय. प्रलय, कयामत, शेवटची लढाई या गोष्टी राजकारणात शिरल्या की शिकलेली आणि न शिकलेली माणसं सारख्याच चुका करतात, हे मी पाहिलंय. त्यातल्या काही चुका माझ्याही हातून झाल्यात.

भाकणूक आणि जगबुडी यांना एकाच दावणीला बांधणं

सगळ्यात जास्त घोटाळा इथं होतो. भाकणूक, म्हणजे यात्रेत देवाच्या नावानं सांगितलेलं वर्षाचं भविष्य, आपल्या मातीतली आहे. निपाणी तालुक्यात आप्पाचीवाडीला हालसिद्धनाथाच्या यात्रेत ती होते. सीमेपलीकडं महाराष्ट्रात पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत फरांडे बाबांची होते. खाली विजयनगर जिल्ह्यात मैलारला गोरवय्या, म्हणजे मैलारच्या देवाचा भक्त, उंच धनुष्यावर चढून एका वाक्यात कार्णिक, म्हणजे तिथली भाकणूक, सांगतो. पाऊस, पीक, दर, रोगराई, युद्ध, गादीची उलथापालथ हे सगळं त्यात येतं.

एका वर्षी भाकणूक ऐकून परत येताना चहाच्या गाड्यावर आमच्या गावचे दोघं भेटले. कपाळावरचा भंडारा तसाच होता. राज्य कुणाचं येणार यावर नाथ काय बोलले, यावरून दोघांत जुंपलेली. ऐकलेलं वाक्य एकच. एकाच्या मते त्यातून त्याचा पक्ष येणार होता, दुसऱ्याच्या मते तोच पक्ष पडणार होता. चहावाले तात्या कपबशी पुसत म्हणाले, "नाथानं पावसाचं सांगितलंय ते ऐकलासा काय? पेरणी कवा करायची ते बघा की आदी."

तात्यांना जे कळलं ते पुष्कळ अभ्यासकांना सांगावं लागतं. भाकणूक वर्षाची असते. पुढच्या वर्षी पुन्हा यात्रा भरणार, पुन्हा नाथ बोलणार, हे त्यात गृहीतच धरलेलं असतं. जगबुडीच्या भाकितात पुढचं वर्षच नसतं. तिथं एक तारीख असते, एक शेवटची लढाई असते आणि त्यानंतर हिशेब विचारायला कुणी उरत नाही. ज्याला पुढचं वर्ष आहे तो बी राखून ठेवतो आणि सोसायटीचं कर्ज फेडतो. ज्याला नाही, तो बी खातो.

हा फरक न करणारे दोन्ही बाजूंना आहेत. विवेकवादी मित्र यात्रेत भाकणूक सांगणाऱ्या धनगराला आणि यूट्यूबवर प्रलयाची तारीख विकणाऱ्याला एकच शिवी घालतात, आणि गाव त्यांचं ऐकणं सोडून देतं. दुसरीकडं भाविक मंडळी नाथाचा मान राखायच्या नादात त्या यूट्यूबवाल्याचीही बाजू घेऊन भांडतात. निवडणुकीच्या तोंडावर भाकणुकीतली पंधरा सेकंदं कापून एखाद्या उमेदवाराच्या फोटोवर चिकटवलेली दिसली, तर यात्रेला गेलेल्या एखाद्या वडीलधाऱ्याला गाठा आणि आगंमागं काय होतं ते विचारा. बहुतेक वेळा कापलेल्या तुकड्याच्या पुढंच पावसाचं वाक्य असतं.

तारीख चुकली की विषय संपला असं मानणं

तसं होत नाही. अमेरिकेत विल्यम मिलर नावाच्या प्रचारकाचे अनुयायी 22 ऑक्टोबर 1844 ला ख्रिस्त परत येणार म्हणून वाट बघत बसले होते. कित्येकांनी शेतातलं पीकही काढलं नाही. दिवस उजाडला, मावळला. पुष्कळ जण घरी गेले, पण उरलेल्यांपैकी काहींनी त्या तारखेचा अर्थच बदलला: त्या दिवशी जे घडलं ते पृथ्वीवर नाही, स्वर्गात घडलं. त्यातून 1863 मध्ये एक संघटित पंथ उभा राहिला. आज त्याचे जगभर दोन कोटींहून अधिक सभासद आहेत, आणि ते शांतपणे शाळा-दवाखाने चालवतात. 1954 च्या डिसेंबरात शिकागोजवळच्या एका छोट्या गटानं महापुराची तारीख धरली होती. मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांची माणसं त्या गटात मिसळून बसली होती. पूर आला नाही, तेव्हा ज्यांनी नोकरी आणि घरदार पणाला लावलं होतं तेच आणखी जोरानं प्रचार करू लागले.

म्हणून "बघ, काही झालं का?" असं विचारून कुणी शुद्धीवर येत नाही. ज्यानं जास्त गमावलंय त्याला मागं फिरणं जास्त महाग पडतं. राजकीय पुढाऱ्यांच्या कट्टर कार्यकर्त्यांनाही हाच नियम लागू पडतो. वचन फसलं की बाकीची माणसं गळतात, पण ज्यानं त्या पुढाऱ्यापायी सख्ख्या भावाशी बोलणं टाकलंय तो आणखी घट्ट होतो. त्याला परतायचं असेल तर भावाच्या घरचं दार उघडं हवं.

घाबरलेल्याला अडाणी म्हणणं

दक्षिण आफ्रिकेतल्या खोसा लोकांची हकीकत आमच्याकडच्या प्रत्येक गोठेवाल्याला कळेल अशी आहे. 1856 मध्ये नोंगकावुसे नावाच्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीनं सांगितलं, की पूर्वजांनी निरोप दिलाय: सगळी जनावरं मारा, धान्य संपवा, पेरणी थांबवा. मग मेलेली माणसं उठतील, नवी धष्टपुष्ट जनावरं येतील आणि गोरे समुद्रात जातील. राजा सर्हिलीनं हुकूम दिला. सुमारे 4 लाख जनावरं मारली गेली. 1857 च्या फेब्रुवारीत ठरलेला दिवस आला आणि गेला. त्यानंतरच्या दुष्काळात अंदाजे 40 हजार माणसं भुकेनं मेली. हजारो लोक पोटासाठी वसाहतीत मजूर झाले, आणि गव्हर्नर जॉर्ज ग्रे यांनी मोकळी पडलेली जमीन गोऱ्यांना वसवायला वापरली.

इथपर्यंत ऐकून कुणीही म्हणेल, काय मूर्ख लोक. पण त्याआधीचं बघा. 1850 ते 1853 इंग्रजांशी लढाई होऊन हार झाली होती, जमिनी गेल्या होत्या. लगेच युरोपातून आलेल्या बैलांबरोबर फुप्फुसाचा रोग आला आणि गोठेच्या गोठे ओस पडले. ज्याची जनावरं डोळ्यांसमोर खोकून मरतायत, त्याला "ही दूषित झालीत, मारून टाक, नवी येतील" हे ऐकताना वेडेपणा वाटला नाही. 2022 मध्ये लंपी आली तेव्हा चिकोडी भागात हळद आणि कडुलिंबाचा पाला घेऊन रात्रभर गाईजवळ बसलेले लोक मी पाहिलेत. त्यातल्या एकानं मला विचारलं होतं, "सर, देव कोपलाय म्हणायचं काय हे?" मी तेव्हा फक्त लसीचं बोललो. आधी गाईवर हात ठेवून त्याच्याजवळ दोन मिनिटं बसायला हवं होतं, असं आज वाटतं. लस त्यानं दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच माणसाचं ऐकून टोचून घेतली.

जगबुडीचा विश्वास दर वेळी नासाडीकडंच जातो असंही नाही. बिरसा मुंडांनी 1895 मध्ये जुनं जग संपून मुंडांचं राज्य येणार असं सांगितलं, आणि त्यांच्या चालकद गावी हजारो लोक जमले. 1899 च्या डिसेंबरात उलगुलान, म्हणजे मुंडांचा मोठा उठाव, पेटला. बिरसा 9 जून 1900 रोजी रांचीच्या तुरुंगात वारले. पण 1908 च्या छोटानागपूर कुळकायद्यामागं त्या उठावाचा धाक होता. ज्याची जमीन जातेय तो प्रलयाच्या भाषेत बोलू लागला, तर आधी जमिनीचं काय झालं ते विचारायचं असतं. 2019 आणि 2021 च्या पुरात वेदगंगा-दूधगंगेकाठच्या ज्यांच्या भिंती पडल्या, त्यांच्याशी बोलताना हे फार ध्यानात ठेवावं लागतं.

"हे त्यांच्यात असतं, आपल्यात नाही"

1962 च्या फेब्रुवारीत मकर राशीत अष्टग्रही झाली, म्हणजे आठ ग्रह एका राशीत आले. 3 ते 5 तारखेला जग संपणार म्हणून देशभर यज्ञ झाले. आमची आजी सांगायची, लोकांनी लग्नं पुढं ढकलली होती. पंतप्रधान नेहरूंनी ती भीती उघडपणे हसण्यावारी नेली, आणि दोनच आठवड्यांनी, 19 फेब्रुवारीपासून, त्याच घाबरलेल्या लोकांनी रांगा लावून लोकसभेसाठी मतदान केलं. ऑक्टोबरात चीननं हल्ला केला, तेव्हा आजीच्या मते अष्टग्रहीचं फळ तेच होतं. भाकीत असं मागाहून बसवता येतं.

कलियुग संपत आलंय असं सांगणाऱ्याला पंचांगाचाच हिशेब दाखवा. कलियुग 4 लाख 32 हजार वर्षांचं, सुरुवात इसवी सनापूर्वी 3102 मध्ये. म्हणजे अजून 4 लाख 26 हजारांहून जास्त वर्षं बाकी आहेत. भाविक माणसाला हे उत्तर पटतं, कारण ते त्याच्याच घरातलं आहे.

तसंच मुसलमान शेजाऱ्याच्या महदीवरच्या, म्हणजे अंतकाळी येणाऱ्या तारणहारावरच्या, श्रद्धेला लगेच बंदूक चिकटवू नका. 20 नोव्हेंबर 1979 ला, हिजरी 1400 च्या पहिल्या दिवशी, जुहैमान अल-उतैबीच्या टोळीनं एकाला महदी ठरवून मक्केच्या मशिदीचा ताबा घेतला. दोन आठवडे वेढा चालला, आणि तो महदी त्यातच मारला गेला. मशिदीत शस्त्र वापरून टोळीला हटवायची परवानगी तिथल्या उलेमांनीच, म्हणजे धर्मपंडितांनीच, दिली होती.

अमेरिका फक्त बायबलवर चालते असं समजणं

इस्रायलची स्थापना म्हणजे अंतकाळाची खूण, असं मानणारे ख्रिस्ती अमेरिकेत लाखोंनी आहेत, आणि ते मतदान करतात. 1984 च्या निवडणुकीतल्या वादफेरीत अध्यक्ष रेगन यांना आर्मगेडनवर, म्हणजे बायबलातल्या शेवटच्या लढाईवर, प्रश्न विचारला गेला होता. 14 मे 2018 रोजी जेरुसलेममध्ये अमेरिकेची वकिलात उघडताना तसाच विश्वास बाळगणाऱ्या धर्मगुरूंनी प्रार्थना केली. पण वकिलात हलवायचा कायदा 1995 चाच होता, आणि त्यानंतरचे अध्यक्ष दर सहा महिन्यांनी तो लांबवत आले होते. शस्त्रं, तेल, इराण, देणग्या, मतपेट्या हे सगळं त्यात होतं. श्रद्धा हा त्यातला एक पीळ. एका पिळाचा दोर होत नाही.

"ही शेवटची निवडणूक" ऐकूनही पुढचं न विचारणं

हे लिहिताना हात जड होतो, कारण मी लहानपणापासून 1 नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीत चालत आलोय. मराठी गावं कर्नाटकात गेल्याचं 1956 पासूनचं दुखणं खरं आहे. सातबारा आपल्या भाषेत वाचता यावा, पोराला मराठी शाळा मिळावी, या मागण्या खऱ्या आहेत. 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात सीमेचा दावा आहे, आणि तो पुराव्यांवर, कागदांवर चालणार आहे. पण दर निवडणुकीला व्यासपीठावरून "आता नाही तर कधीच नाही, यंदा हरलो तर आपण संपलो" असं ऐकू येतं. मराठी पुढारी बोलतात, कन्नड पुढारीही बोलतात, धर्माच्या नावावरचे तर बोलतातच. तेव्हा मला ती 21 डिसेंबर आठवते. संपलो असं ऐकलेला माणूस गटारीचं, बसचं, उसाच्या बिलाचं विचारत नाही. अशा सभेत एकच प्रश्न पुरतो: "आणि निकालाच्या दुसऱ्या दिवशी काय करायचं, ते सांगा."

बेलभंडाऱ्याचंही तेच. मतदानाच्या आदल्या रात्री ताटात भंडारा पुढं करून शपथ घ्यायला लावतात, आणि बायाबापड्या देवाच्या धाकानं नको तिथं बटण दाबतात. लोकसभा आणि विधानसभेला हे 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 123 खाली येतं. मतदारावर किंवा त्याच्या माणसावर देवाचा कोप होईल असं भासवून मत वळवणं हा भ्रष्ट आचार आहे. कायदा सांगून भीती जात नाही, म्हणून मी घरोघरी एवढंच सांगतो: जबरदस्तीनं उचललेला भंडारा परत देवळात जाऊन देवाच्या पायावर ठेवा आणि हलकं व्हा. आमच्या गल्लीतल्या दोघींनी तसं केलं.

घरात फॉरवर्ड आला तर

ओरडू नका, फोन हिसकावू नका. तीन गोष्टी शांतपणे विचारा: हे कुणी म्हटलं, कधी म्हटलं, कुठल्या भाषेत? दर डिसेंबरात जिची भाकितं फिरतात ती बाबा वेंगा बहुतेकांना पुरुष वाटते. ती बल्गेरियातली अंध म्हातारी होती. त्यांच्या भाषेत बाबा म्हणजे आजी. ती 1996 मध्ये वारली आणि स्वतःच्या हातानं काही लिहून ठेवलं नाही. सोळाव्या शतकातल्या नोस्ट्राडेमस या भविष्यवाल्याच्या फ्रेंच ओळींत आपल्या नेत्यांची नावं शोधणाऱ्यांना विचारा, की 1999 चा सातवा महिना त्यानं स्पष्ट लिहिला होता, त्याचं काय झालं?

आणि तारीख असेल तर ती लिहून ठेवा. मावशीची पॉलिसी आम्ही थकलेले हप्ते व्याजासकट भरून पुन्हा चालू केली. तेव्हापासून तिच्या स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर अशा तारखांना लाल पेन्सिलीनं गोल असतो, शेजारी कुणी सांगितलं त्याचं नाव. वर्ष संपलं की ती पानं फाडत नाही, तांदळाच्या डब्याखाली घालून ठेवते. परवा मतं मागायला आलेल्या पोरानं तिला सांगितलं, "मावशी, यंदा चुकलं तर सगळं बुडालं." तिनं त्याला आत बोलावलं, पाणी दिलं आणि पेन्सिल शोधली.