बिनपाण्याने नको! घरच्या घरी गुळगुळीत दाढी कशी करावी

एखाद्याला चारचौघांत झाडलं की आपण म्हणतो, 'त्याची बिनपाण्याने केली.' दाढी कशाने दुखते हे हा वाक्प्रचार घडवणाऱ्याला पक्कं ठाऊक असणार. आपण मात्र दोष पात्याला देतो. ऑफिसच्या घाईत तोंडावर पाणी शिंपडायचं, क्रीम चोळायची आणि रेझर ओढायचा, हीसुद्धा बिनपाण्याचीच.

दाढीचा कोरडा केस टणक असतो. पाणी शोषून तो फुगतो, मऊ पडतो, मग तो कापायला जोर लागत नाही. त्यासाठी त्याला दोन-तीन मिनिटं द्यावी लागतात. आंघोळीनंतर दाढी करा, असा सल्ला सगळीकडे वाचायला मिळतो. पण आधी दाढी, मग आंघोळ ही आपल्याकडची घरोघरची शिस्त, आणि ती मोडायचं कारण नाही. साबणाने तोंड धुवा म्हणजे तेलकटपणा जाईल. मग सोसवेल इतक्या गरम पाण्यात पंचा बुडवून पिळा आणि चेहऱ्यावर धरा. मिशी आणि हनुवटीचे केस सगळ्यांत राठ, तिथे जरा जास्त वेळ.

आता फेस. बोअरच्या जड पाण्यात तो धड होतच नाही. अशा वेळी आरओचं वाटीभर पाणी घ्या, फरक लगेच कळेल. ब्रश भिजवून झटका, बोटाच्या पेराएवढी क्रीम घ्या आणि गोल गोल फिरवा. बुडबुडे दिसले तर पाणी जास्त झालं, ब्रश अडखळला तर कमी. घट्ट दह्यासारखा फेस जमला पाहिजे. आधी तो मिशी-हनुवटीला लावा आणि तिथली दाढी शेवटी करा. भिजायला तेवढाच वेळ मिळतो.

केस कुठल्या दिशेने वाढतात हे एकदा, दोन दिवसांचे खुंट असताना, बोट फिरवून पाहून ठेवा. बोट गुळगुळीत सरकलं तर ती सुलट बाजू, खरखर लागली तर उलट. गालांवर केस बहुधा खाली वळलेले असतात. मानेवर मात्र ते कुठेही, आडवे किंवा वरच्या दिशेनेही वाढतात. मान सोलवटण्याचं निम्मं कारण हेच.

दुधारी पात्याचा साधा रेझर असेल तर त्याचं डोकं गालाला टेकवा, दांडा बाहेरच्या बाजूला जवळजवळ आडवा धरा आणि केस कापले जाईपर्यंत हळूहळू खाली आणा. पातं आणि त्वचा यांत साधारण 30 अंशांचा कोन पडतो. दुसऱ्या हाताने त्वचा ताणा. दाब अजिबात नको, रेझरचं वजन पुरतं. इंच-दीड इंचाचे छोटे हात मारा आणि मधूनमधून पातं पाण्यात खळबळा.

पहिला हात सुलटाच. आणखी साफ हवी असेल तर पुन्हा फेस लावून आडवा हात. सलूनमध्ये विचारतात तो उलटा हात गालांवर फार तर चालेल, मानेवर टाळाच. केस कुरळे असतील तर अगदी मुळाशी कापलेलं टोक त्वचेतच वळतं आणि पुळ्या येतात. तीन-चार पात्यांचे रेझरही केस त्वचेच्या खालपर्यंत कापतात, म्हणून ज्यांना पुळ्यांचा त्रास आहे त्यांनी एका पात्यावर यावं.

पातं केस ओढायला लागलं की बदला, चार-पाच दाढ्यांत ती वेळ येते. टॉवेलने पुसू नका, धार जाते. दुसऱ्याचं पातं कधीच वापरू नका.

शेवटी गार पाणी आणि तुरटी. ओली करून चेहऱ्यावर फिरवा, बारीक कापलेलं असेल तर रक्त थांबतं. मिनिटभराने धुऊन टाका. तुरटी जिथे झोंबेल तिथे आज दाब जास्त पडला असं समजा आणि पुढच्या वेळी तिथला हात हलका ठेवा. माझी अजूनही डाव्या जबड्याखालीच झोंबते.